रिमफायर काडतुसांची टंचाई आणि फेरविक्रीतील नफेखोरी : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

टंचाईचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम धान्य, इंधन आणि औषधे यांकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु टंचाई कशी निर्माण होते, ती कोण पोसतो आणि तिचा भार अखेरीस कोणावर पडतो, हे पाहावयाचे असेल तर कधीकधी एखादी क्षुल्लक वस्तूच अधिक उपयोगी पडते. कारण तेथे दुष्काळ नसतो, युद्ध नसते, कारखाना बंद पडलेला नसतो. तरीही दुकानातील फळी रिकामी असते. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूचा विचार केला आहे. ती म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफल या नावाने ओळखले जाणारे रिमफायर काडतूस. एक इंच लांबीचे हे काडतूस २०१२ पूर्वी अमेरिकेत साधारणतः तीन ते पाच सेंटला मिळत असे. डिसेंबर २०१२ नंतर सुमारे तीन वर्षे ते दुकानांतून जवळजवळ नाहीसे झाले आणि फेरविक्रीच्या बाजारात तिप्पट-चौपट भावाने विकले गेले.

बंदुकीविषयीच्या अमेरिकन वादात कोणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. तथापि त्या वादाशिवाय ही टंचाई समजत नाही. त्यामुळे त्याचा उल्लेख टाळताही येत नाही.

काडतुसाची घडण आणि तिचे परिणाम

रिमफायर म्हणजे कडेवर आघात होऊन पेटणारे काडतूस. त्याच्या पितळी नळकांड्याच्या बुडाशी पोकळ कड असते. आघाताने पेटणारे मिश्रण ओल्या स्थितीत आत टाकून नळकांडे वेगाने फिरवतात, म्हणजे ते मिश्रण कडेच्या पोकळीत पसरते. बंदुकीतील खीळ कडेवर आदळली की पत्रा चेपतो आणि मिश्रण पेटते. आज प्रचलित असलेल्या बहुतेक मोठ्या काडतुसांत मात्र बुडाच्या मध्यभागी एक स्वतंत्र टोपी बसवलेली असते. ती वापरून झाली की काढता येते, नवी बसवता येते आणि घरच्या घरी दारू व शिसे भरून तेच नळकांडे पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हजारो नेमबाज असे करतात. रिमफायर नळकांड्याची कड एकदा चेपली की ते संपले. ही तांत्रिक बाब वरवर किरकोळ वाटते, पण या टंचाईचे निम्मे रहस्य तिच्यात आहे. इतर काडतुसांची चणचण भासली की हौशी माणूस स्वतःच्या खोलीत लहानसा कारखाना उभा करू शकतो. रिमफायर वापरणाऱ्याला कारखान्यावाचून दुसरा आधार नाही.

या प्रकाराचा उगम फ्रान्समध्ये झाला. लुई-निकोला फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी करण्यासाठी अतिशय कमी शक्तीचे असे काडतूस तयार केले. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू टू शॉर्ट हे काडतूस बाजारात आणले. यादवी युद्धाच्या काळात हेन्री आणि स्पेन्सर या रायफलींसाठी मोठ्या व्यासाची रिमफायर काडतुसेही बनली. परंतु कडेचा पत्रा पातळ ठेवावाच लागतो, नाहीतर तो चेपणार नाही. आणि पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. त्यामुळे युद्धोपयोगी शस्त्रांतून हा प्रकार मागे पडला व लहान व्यासापुरता उरला. १८८७ मध्ये जे. स्टीव्हन्स आर्म्स अँड टूल कंपनीने लाँग रायफल हे रूप आणले. एकशेचाळीस वर्षे होत आली, तरी तेच टिकून आहे.

स्वस्ताई हाच या काडतुसाचा स्वभाव झाला. जत्रेतील नेमबाजीचे तंबू, शेतावरील उंदीर-घुशी, खारींची शिकार, शाळकरी मुलाची पहिली रायफल, या सर्व ठिकाणी तेच वापरले जाई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नळीला गंज न चढवणारे मिश्रण प्रचारात आले आणि मुलांच्या हाती देण्यास ते अधिकच सोयीचे झाले. ही स्वस्ताई किती होती याची कल्पना विक्रमांवरून येते. ॲड टॉपरवाइन या नेमबाजाने १९०७ मध्ये सॅन अँटोनियो येथे हवेत उडवलेले ७२,५०० लाकडी ठोकळे लक्ष्य केले आणि त्यांपैकी केवळ ९ चुकवले. टॉम फ्राय याने १९५९ मध्ये १,००,०१० ठोकळ्यांवर नेम धरला व ६ चुकवले. विक्रमासाठी लाखभर काडतुसे उडवणे ज्या समाजात जाहिरातीचा भाग होऊ शकते, तेथे हे काडतूस एक दिवस मोजून वापरावे लागेल ही कल्पना कोणाला शिवली नसावी.

पन्नास काडतुसांची एक डबी आणि अशा दहा डब्यांचा एक पुडा. या पुड्याला तेथील बोलीत ‘वीट’ म्हणतात, कारण तो दिसतो तसाच. पुढील विवेचनात ही वीट वारंवार येणार आहे.

पूर्वीच्या टंचाया

२०१२ ची टंचाई पहिली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ पासून नागरी काडतुसांचे उत्पादन जवळजवळ थांबवले. त्या टंचाईचे कारण उघड होते आणि लोकांनी ते मान्यही केले होते. पितळ आणि शिसे आघाडीवर जात होते. नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आल्यानंतर मात्र नव्या प्रकारची टंचाई दिसली. कायदा झालेला नव्हता, विधेयकही आलेले नव्हते. पण कायदा होईल या भीतीने लोकांनी बंदुका व काडतुसे साठवण्यास आरंभ केला. २००९ अखेरीस बाजार सावरू लागला, आणि उत्पादकांनी यातून एक धडा घेतला : मागणीची लाट येते, तशी ओसरतेही.

त्या लाटेत एक गोष्ट घडली, तिची नोंद त्या वेळी फारशी झाली नाही. मोठी काडतुसे महाग झाल्याने अनेक नेमबाज सरावासाठी रिमफायरकडे वळले. लष्करी धाटणीच्या रायफलींची पॉइंट टू टू रूपे बाजारात आली. स्मिथ अँड वेसनने २००९ मध्ये आणलेली रायफल पंचवीस काडतुसांच्या पेटीसह मिळे. एकेक काडतूस हाताने भरणाऱ्या मुलाची जागा मिनिटभरात पेटी रिकामी करणाऱ्या प्रौढाने घेतली. म्हणजे २०१२ चा आघात झाला, तेव्हा पाया आधीच बदललेला होता.

डिसेंबर २०१२ आणि त्यानंतर

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील सँडी हुक प्राथमिक शाळेत गोळीबार झाला. वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी २०१३ मध्ये उपाययोजना जाहीर केली. काही लष्करी धाटणीच्या रायफलींवर आणि मोठ्या पेट्यांवर बंदी घालणारे विधेयक सिनेटमध्ये आले. १७ एप्रिल २०१३ रोजी मतदान होऊन बंदीचा प्रस्ताव फेटाळला गेला आणि खरेदीदाराच्या पूर्वतपासणीचा विस्तार करणारा प्रस्तावही आवश्यक ६० मतांअभावी पडला. मधल्या चार महिन्यांत खरेदीची जी लाट उठली, तिला तोड नव्हती. डिसेंबर २०१२ या एका महिन्यात केंद्रीय पूर्वतपासणी यंत्रणेकडे २७ लाखांहून अधिक विनंत्या आल्या. तोवरच्या कोणत्याही महिन्यापेक्षा हा आकडा मोठा होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. विधेयकात रिमफायर काडतुसांवर बंदी नव्हती. ती कोणी सुचवलीही नव्हती. सामूहिक हत्येच्या चर्चेत ज्याचे नावही आले नाही, तेच काडतूस सर्वांत जास्त काळ दुर्मिळ झाले. इतर प्रकार २०१३ च्या अखेरीपासून हळूहळू फळीवर परतले, रिमफायरला मात्र २०१५-१६ उजाडावे लागले. बालकांच्या हत्येमुळे उसळलेल्या भीतीने, अखेरीस ज्यांच्या हाती काडतूस येईनासे झाले, त्यांत ग्रामीण युवक मंडळांच्या व बालवीरांच्या नेमबाजी वर्गांतील मुले होती, हा या इतिहासातील विषादजनक भाग आहे.

असे का झाले? तीन कारणे एकमेकांत गुंतली होती. पहिले वर आलेच आहे, घरी पुनर्भरण करण्याचा मार्ग येथे बंद होता. दुसरे कारण उत्पादनाच्या स्वरूपात होते. रिमफायरची यंत्रे याच कामासाठी असतात, मोठ्या काडतुसांची यंत्रे त्याकडे वळवता येत नाहीत. स्फोटक मिश्रण भरण्याचे काम धोक्याचे असते व त्यासाठी कुशल हात लागतात. फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन हे प्रमुख उत्पादक अहोरात्र पाळ्यांत काम करीत होते. परंतु एका काडतुसामागे काही दशांश सेंटच सुटत असतील, तर कोट्यवधी डॉलर खर्चून नवी शाखा कोण काढणार? शिवाय २००९ चा धडा ताजा होता. त्यांचा सावधपणा चुकीचा म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीनंतर मागणी कोसळली, तेव्हा तो योग्यच ठरला.

तिसरे कारण साठवणीचे अंकगणित. गृहीत धरू की पन्नास लाख कुटुंबांनी, पूर्वी घरी एक वीट ठेवली जात होती तेथे आता तीन विटा असाव्यात, असे ठरवले. प्रत्येकाच्या दृष्टीने ही वाढ माफक आहे. फडताळातील एक कोपरा पुरतो. पण एकूण वाढीव मागणी ५०० कोटी काडतुसांची होते. कोणाही एका कुटुंबाला साठेबाज म्हणता येत नाही आणि तरीही बाजार रिता होतो. कल्पना करावयाची आहे ती एवढ्याचीच. प्रत्यक्षातील संख्या कितीही असो, तत्त्व बदलत नाही.

रिकामी फळी दिसली की अफवा जन्मते. अंतर्गत सुरक्षा विभाग अब्जावधी गोळ्या विकत घेऊन बाजार कोरडा करीत आहे, असा समज २०१३ मध्ये इतका पसरला की संसदेत त्यावर विधेयक मांडले गेले. अमेरिकेच्या शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार या विभागाची वार्षिक काडतूस खरेदी २००९ पासून उलट कमी झाली होती. मिसूरी राज्यातील हर्क्युलेनियम येथील शिशाचा कारखाना २०१३ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा आता गोळ्यांना शिसेच उरणार नाही अशी दुसरी आवई उठली. गोळ्यांसाठी लागणारे शिसे बहुतांशी जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरातून येते, याकडे कोणी लक्ष दिले नाही. अफवा खोट्या होत्या, पण त्यांचा परिणाम खरा होता, कारण प्रत्येक अफवेसरशी आणखी काही विटा फडताळात गेल्या.

फेरविक्री : गुन्हा, व्यापार की सेवा?

वॉलमार्टने जानेवारी २०१३ मध्ये एका ग्राहकाला दिवसाला तीन डब्यांची मर्यादा घातली. इतर दुकानांनीही तशाच पाट्या लावल्या. मालाची गाडी पहाटे कोणत्या दिवशी येते याची माहिती काही मंडळी ठेवू लागली. दुकान उघडण्यापूर्वी रांग लागे. निवृत्त आणि रिकामा वेळ असलेली माणसे रांगेत पुढे असत, आणि नोकरीवरून सायंकाळी येणाऱ्याला फळी रिकामीच दिसे. रांगेत मिळालेला माल त्याच आठवड्यात शस्त्रप्रदर्शनांतील टेबलांवर किंवा संगणकावरील लिलावांत दिसू लागला. टंचाईपूर्वी १५ ते २५ डॉलरला मिळणारी वीट तेथे ५० ते ७० डॉलरला, ऐन भरात त्याहूनही चढ्या भावाने विकली जाई.

या फेरविक्रेत्यांविषयी नेमबाजांत तीव्र संताप होता. कायद्याने मात्र ते निर्दोष होते. १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने काडतूस विक्रेत्यास परवाना व खरेदीदाराची नोंद बंधनकारक केली होती. तीतून पॉइंट टू टू रिमफायरला १९८२ मध्ये वगळण्यात आले आणि १९८६ च्या कायद्याने केवळ काडतुसे विकणाऱ्यास केंद्रीय परवान्याची गरजच ठेवली नाही. बंदूकधारकांच्याच आग्रहाने मिळालेली ही मोकळीक होती. तिच्यामुळेच कोणीही दुकानातून विकत घेऊन गाडीच्या डिकीतून विकू शकत होता. अवाजवी भाववाढीविरुद्ध अनेक राज्यांत कायदे आहेत. न्यूयॉर्कने तेलटंचाईनंतर १९७९ मध्ये केलेला कायदा त्यांतील पहिला. पण हे कायदे बहुधा आणीबाणी जाहीर झाल्यावर आणि जीवनावश्यक वस्तूंनाच लागू होतात. २०१३ मध्ये कोणतीही आणीबाणी नव्हती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल की दोष फेरविक्रेत्याचा नसून दुकानाच्या भावाचा आहे. मागणी चौपट झाली असताना भाव जुनाच ठेवला, तर मधली फट कोणीतरी भरणारच. यात तथ्य आहे. ज्या थोड्या विक्रेत्यांनी २०१२ च्या डिसेंबरातच भाव उघडपणे वाढवले, त्यांच्याकडे माल तरी उरला. परंतु ग्राहकांचा रोष त्यांनी कायमचा ओढवून घेतला. मोठ्या दुकानांनी आणि उत्पादकांनी भाव बेताने वाढवले, कारण त्यांना टंचाईनंतरही त्याच ग्राहकाला तोंड द्यावयाचे होते. फेरविक्रेत्याला ती चिंता नव्हती. त्याचे नाव नव्हते, पाटी नव्हती, उद्याचा ग्राहक नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते नफेखोरीचा नैतिक प्रश्न इथे आहे, किमतीच्या आकड्यात नाही. तीन डब्यांची मर्यादा ही दुकानाने सर्वांना थोडे मिळावे म्हणून केलेली वाटणी होती. फेरविक्रेत्याने त्या वाटणीचाच धंदा केला. स्वतःच्या साठ्यातील विटा महागात विकणारा आणि रांगेतील दुसऱ्याचा वाटा उचलून त्यालाच विकणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणे उचित नाही.

एक उपरोध नोंदवण्याजोगा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार काडतुसांवर ११ टक्के उत्पादनशुल्क लागते व ते वन्यजीव संवर्धनास मिळते. त्यामुळे घबराटीच्या खरेदीने त्या निधीत मोठी भर पडली. पण शुल्क उत्पादकाच्या विक्रीवर असते. रांगेतून टेबलावर गेलेल्या विटेवर सुटलेल्या चाळीस-पन्नास डॉलरांतून हरणाला किंवा बदकाला काही मिळाले नाही.

निभावणी

टंचाईला तोंड देण्याचे मार्ग साधेच होते. अनेकांनी छऱ्यांच्या हवाई रायफली बाहेर काढल्या. त्यांचे छरे मुबलक व स्वस्त होते आणि श्वास, पकड व चाप ओढण्याची शिस्त त्यांवरही शिकता येते. क्लबांनी एकत्र खरेदी करून सभासदांना मैदानावर वापरण्यापुरतीच काडतुसे, नेण्यास मनाई करून, जुन्या भावाने दिली. ही युक्ती सर्वांत परिणामकारक ठरली, कारण तिने फेरविक्रीची वाटच बंद केली. काही स्पर्धांतून फेऱ्या कमी केल्या गेल्या. मेक्सिको व युरोपातील माल अधिक आयात होऊ लागला. रिकाम्या बंदुकीने चाप ओढण्याचा सराव मोठ्या रायफलीवर करता येतो, परंतु जुन्या रिमफायर बंदुकांत खीळ थेट नळीच्या कडेवर आपटून ती खराब होते. त्यासाठी बनावट काडतुसे घालावी लागत. वापरलेल्या कडेत पुन्हा मिश्रण भरण्याचा खटाटोपही काहींनी केला. धोका आणि वेळ पाहता तो कोणास परवडला असेल असे वाटत नाही.

आणि बहुतेकांनी फक्त कमी नेमबाजी केली. ज्या वडिलांना मुलासह शनिवारी शंभर काडतुसे उडवता येत, ते वीस मोजून नेऊ लागले. ज्यांच्या फडताळात आधीच दहा विटा होत्या त्यांना काही फरक पडला नाही. नव्याने शिकणाऱ्याला मात्र पडला.

२०१६ नंतर फळ्या भरल्या आणि काही उत्पादकांना माल सवलतीत विकावा लागला. मार्च २०२० मध्ये महासाथ आली आणि सारे पुन्हा घडले, तीच मर्यादेची पाटी, तीच रांग, तेच लिलावाचे भाव. या वेळी त्यात भर म्हणजे रेमिंग्टन कंपनी जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली व आर्कान्सामधील लोनोक येथील तिचा काडतूस कारखाना विकला जाईपर्यंत रखडला. २०१३ मध्ये जे विद्यार्थी वर्गाबाहेर राहिले ते आता प्रौढ ग्राहक होते, आणि त्यांतील अनेकांनी प्रथम काय केले असेल याचा अंदाज करणे कठीण नाही.

भारतीय नेमबाजीशी असलेला दुवा

हेच काडतूस पन्नास मीटर रायफल आणि पंचवीस मीटर पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारांत वापरले जाते. त्यामुळे महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले.

भारतात अमेरिकेसारखी फेरविक्री संभवत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, खरेदीची नोंद होते आणि परवानाधारक विक्रेत्याखेरीज कोणी विकू शकत नाही. साठेबाजाचा येथे कायद्यानेच बंदोबस्त झाला आहे. परंतु त्यामुळे टंचाई नाहीशी होत नाही, तिचे रूप तेवढे बदलते. उच्च दर्जाची स्पर्धात्मक काडतुसे इंग्लंड व जर्मनी येथील मोजक्या कारखान्यांतून येतात. आयात, परवानगी आणि वाहतूक यांतील कोणताही विलंब थेट सरावावर पडतो. इथे रांग दुकानापुढे नसते, ती कागदांची असते. शिवाय स्पर्धेतील नेमबाजाला नुसते काडतूस पुरत नाही. एकाच कारखान्यातील एकाच नावाच्या काडतुसांतही उत्पादनाच्या प्रत्येक खेपेत सूक्ष्म फरक असतो. म्हणून नेमबाज आपली नळी परीक्षण केंद्रावर नेऊन निरनिराळ्या खेपा तपासतो आणि तिला जुळणारी खेप वर्षभरासाठी राखून ठेवतो. ती खेप संपली किंवा वेळेत पोहोचली नाही, तर त्याच नावाच्या दुसऱ्या खेपेवर सराव सुरू करण्यापूर्वी त्याला दृष्टियोजनेपासून सारी जुळणी नव्याने करावी लागते.